विंडोज नव्याने टाकलं आणि एसएसडी गायब? आधी विचारा, नक्की कुणाला दिसत नाहीये?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, किंवा ज्यांचा कॉम्प्युटर आत्ता बंद पडलाय आणि हातात फक्त फोन आहे, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

सुरुवात एका फोनपासून करतो. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. माझा एक मित्र लग्नाचं शूटिंग करतो, त्याचा फोन. "अरे, डी ड्राइव्ह गेला!" कॉम्प्युटर रखडत होता म्हणून त्याने त्या दिवशी विंडोज नव्याने टाकलं होतं. एका एसएसडीवर विंडोज, दुसऱ्या १ टीबीच्या एसएसडीवर तीन लग्नांचं फुटेज. कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या ऑर्डरला वापरलेली. म्हणजे कॉपी एकच, आणि तीच दिसेना.

पुढे म्हणाला, "एका व्हिडिओत सांगतायत, राइट क्लिक करून फॉरमॅट मारा, ड्राइव्ह येईल. मारू का?"

मी म्हटलं, "आधी माउसवरून हात काढ."

गंमत बघा, व्हिडिओ खोटं बोलत नव्हता. फॉरमॅट मारलं असतं तर ड्राइव्ह नक्की दिसला असता. फक्त रिकामा. नवी कोरी एसएसडी असेल तर तो सल्ला बरोबर, पण आत डेटा असेल तर घातक.

फॉरमॅटची एवढी भीती का?

जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट मारलं, की पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं व्हायचं. पानं तशीच राहायची, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरला बरंच काही सापडायचं. एसएसडीचं तसं नाही. तिथे 'ट्रिम' नावाची सोय असते. फॉरमॅट झालं की विंडोज एसएसडीला कळवतं, "ही जागा आता रिकामी समज." मग एसएसडी सवडीने ती जागा खरोखर साफ करून टाकते. एसएसडीचा वेग टिकतो तो यामुळेच, पण गेलेला डेटा परत मिळण्याची आशाही यामुळेच जवळजवळ संपते.

म्हणून नियम एकच. डेटा हवा असेल तर स्क्रीनवर 'फॉरमॅट', 'इनिशियलाइज' किंवा 'डिलीट व्हॉल्यूम' दिसलं की थांबायचं. कॅन्सल करायचं. स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा. आणि मग विचारायचं, एसएसडी नक्की कुणाला दिसत नाहीये? उत्तरं तीन असू शकतात.

पहिलं: बायोसलाच दिसत नाही

कॉम्प्युटर चालू होताना एफ-टू किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा. बटण कंपनीप्रमाणे वेगळं असतं. इथे बरेच जण फसतात, कारण ते फक्त बूटची यादी बघतात. ज्या ड्राइव्हवर नुसता डेटा आहे, तो बूटच्या यादीत नसणारच! स्टोरेज, साटा किंवा एनव्हीएमई असं लिहिलेली यादी शोधा.

तिथेही नाव नसेल, तर विंडोजला दोष देऊन उपयोग नाही. कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, वायर काढा, एसएसडी काढून परत नीट बसवा. साटा असेल तर केबल आणि पोर्ट बदलून बघा. आणखी एक गोष्ट, काही मदरबोर्डवर एम-टू स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. नुकतीच नवी एसएसडी लावली असेल तर मॅन्युअल उघडून बघाच. एवढं करूनही दिसली नाही आणि आतला डेटा मोलाचा असेल, तर स्वतः खटपट न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

दुसरं: बायोसला दिसते, विंडोजच्या सेटअपला दिसत नाही

हे लॅपटॉपवर फार होतं. पेनड्राइव्ह लावला, सेटअप सुरू झाला, आणि विंडोज कुठे टाकायचं ते विचारणारी यादीच रिकामी. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये 'व्हीएमडी' चालू असतं. एसएसडी त्याच्या आड असते आणि सेटअपकडे बऱ्याचदा त्याचा ड्रायव्हर नसतो. एसएसडी ठणठणीत आहे, मधला दुभाषा तेवढा गैरहजर आहे.

उपाय असा. लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्या, अनझिप करून पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून ते फोल्डर दाखवा. यादी भरते.

काही जण सांगतात, बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंदच कर. तेही चालतं, पण विंडोज कोरं टाकणार असाल तरच. आधीचं विंडोज ठेवायचं असेल आणि मध्येच ही सेटिंग बदलली, तर चालू होताना निळा स्क्रीन येऊ शकतो. तसं झालं तर घाबरू नका, सेटिंग होती तशी करा.

तिसरं: विंडोज चालू आहे, पण धिस पीसीमध्ये ड्राइव्ह नाही

माझ्या मित्राचं हेच झालं होतं. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक पट्टी दिसते. ती नीट वाचा.

पट्टीवर 'हेल्दी' लिहिलंय, पण डी किंवा ई असं अक्षर नाही? मग ड्राइव्ह आहे, त्याला पत्ता तेवढा नाही. राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', 'ॲड', अक्षर निवडा, ओके. एक काळजी घ्या. शंभर-दोनशे एमबीचे छोटे सिस्टम भाग मुद्दाम बिनअक्षराचे असतात, त्यांना हात लावू नका.

डावीकडच्या चौकोनात 'ऑफलाइन' लिहिलंय? त्यावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करा.

कुलपाचं चिन्ह आणि 'बिटलॉकर'? मग ४८ अंकी रिकव्हरी की लागणार. फोनच्या ब्राउझरमध्ये तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करा, बऱ्याचदा ती तिथे साठवलेली असते. ती की कुठेच नसेल तर आतला डेटा उघडत नाही. कुलूप मुळात त्यासाठीच असतं.

'नॉट इनिशियलाइज्ड' किंवा काळ्या पट्टीवर 'अनअलोकेटेड'? एसएसडी कोरी असेल तर बिनधास्त पुढे जा. डेटा होता अशी खात्री असेल तर इथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा. 'रॉ' दिसलं तरी तेच. पण तो ड्राइव्ह आधी लिनक्सवर वापरलेला असेल, तर विंडोजला तो वाचताच येत नाही आणि ते फॉरमॅट करायला सांगतं. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावा, फायली जशाच्या तशा दिसतील.

मग मित्राचं काय झालं?

त्याने फोनवरून पट्टीचा फोटो पाठवला. हेल्दी, ९३१ जीबी, अक्षर गायब. डी अक्षर द्यायला अर्धा मिनिटही लागला नाही. तिन्ही लग्नं जागच्या जागी! आणि हो, १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, मोजण्याच्या पद्धतीतला तो फरक आहे. त्यातलं काही चोरीला गेलेलं नसतं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तुमच्यापैकी बरेच जण नवं विंडोज टाकायच्या बेतात असतील. त्याआधी चार कामं करा. डेटाची दुसरी कॉपी काढा. बिटलॉकरची की लिहून घ्या. डिस्क मॅनेजमेंटचा फोटो फोनमध्ये ठेवा. आणि जमत असेल तर कॉम्प्युटर बंद करून डेटावाली एसएसडी काढूनच ठेवा. जी लावलेलीच नाही, ती चुकून फॉरमॅट होणार कशी?

मित्राने दुसऱ्या दिवशी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली. म्हणाला, "विंडोज दहा वेळा टाकता येईल रे, त्यांची हळद परत लागणार नाही."

भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप घ्या!