डिक्शनऱ्यांच्या यादीतून हवं तेवढंच कसं काढायचं?

आजचा विषय पायथॉन. बसमध्ये इयरफोन लावून ऐकत असाल तरी चालेल, कोड बोलूनच सांगणार आहोत.

समजा, समोर भरलेल्या फॉर्मचा गठ्ठा आहे. एक फॉर्म म्हणजे एक डिक्शनरी: रकान्याचं नाव ही 'की', त्यात लिहिलेलं ते 'व्हॅल्यू'. अख्खा गठ्ठा म्हणजे लिस्ट. इंटरनेटवरून अ‍ॅपकडे येणारा जेसन डेटा बऱ्याचदा असाच असतो.

आपल्या लिस्टचं नाव 'शिखरे'. पहिला फॉर्म कळसूबाई, उंची १६४६ मीटर. दुसरा साल्हेर, १५६७. तिसरा हरिश्चंद्रगड, पण त्यात उंचीचा रकानाच नाही.

आधी फक्त नावं काढू. लिहायचं असं:

नावे = [शि['नाव'] फॉर शि इन शिखरे]

म्हणजे, शिखरेमधला एकेक फॉर्म उचल, त्याला 'शि' म्हण, त्यातलं नाव घे आणि नव्या यादीत टाक. याला लिस्ट कॉम्प्रिहेन्शन म्हणतात. 'फॉर' आणि 'इन' इंग्रजीतच टाइप करा. व्हेरिएबलची नावं मात्र पायथॉन ३ मध्ये देवनागरीत चालतात, बरं का!

आता 'नाव'च्या जागी 'उंची' घाला. तिसऱ्या फॉर्मवर प्रोग्राम अडतो: की-एरर. मग कुणीतरी सांगतं, "गेट वापर की!" म्हणजे शि.गेट('उंची', ०). रकाना नसेल तर शून्य धर. एरर गायब, सगळे खूश.

पण थांबा. आता सरासरी काढा. १६४६ अधिक १५६७ अधिक शून्य, भागिले तीन: १०७१ मीटर. माहीत असलेल्या दोन शिखरांची खरी सरासरी आहे १६०६.५. पाचशे मीटरहून जास्त घोळ झाला, आणि स्क्रीनवर एकही लाल ओळ नाही!

निकालपत्रावर 'गैरहजर' आणि 'शून्य गुण' या दोन वेगळ्या गोष्टी असतात ना? इथेही तसंच. माहिती नसणं म्हणजे शून्य नव्हे.

म्हणून रिकामे फॉर्म बाजूला काढा:

उंच्या = [शि['उंची'] फॉर शि इन शिखरे इफ 'उंची' इन शि]

शेवटचा 'इफ' तपासतो, रकाना आहे का. असेल तरच उंची घेतो. मग दोन्ही याद्यांची 'लेन' मोजा. इथे तीन आणि दोन, म्हणजे एक फॉर्म गळला. तो आकडा सरासरीसोबत जरूर सांगा, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल तिन्ही शिखरं धरली आहेत.

मग गेट वाईट का? अजिबात नाही. रकाना नसणं म्हणजे खरोखरच शून्य असेल, उदाहरणार्थ कार्टमध्ये न टाकलेल्या वस्तूची संख्या, तिथे गेट आणि शून्य अगदी बरोबर.

आता गृहपाठ. रकाना आहे, पण आत 'नन' लिहिलंय. आपला 'इफ' त्याला अडवेल का? मोबाइलवर ऑनलाइन पायथॉन उघडा आणि करून बघा. भेटू पुढच्या भागात!