मधुमेहाची तपासणी: अंतराची अडचण आणि त्यावर उपाय

छत्रपती संभाजीनगर शहरात राहणाऱ्या मधुमेही व्यक्तीला कामावर जाता जाता घराजवळच्या लॅबमध्ये रक्त देता येते. संध्याकाळपर्यंत अहवाल मोबाइलवर येतो. सोयगाव तालुक्यातल्या रुग्णाचे तसे नाही. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचा हा तालुका शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. घाटी रुग्णालयाच्या ओपीडीत वेळेत केसपेपर काढायचा, तर पहाटेच निघावे लागते. दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. मग तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलली जाते.

मधुमेह हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आजार, हा समज आता सोडायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १० कोटी भारतीयांना मधुमेह आहे. शहरी भागात त्याचे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. म्हणजे खेड्यातही अकरा-बारा प्रौढांमागे एकाला हा आजार आहे.

वाढलेली साखर दुखत नाही, हीच खरी अडचण. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा वर्षानुवर्षे गुपचूप खराब होत राहतात. नजर अंधूक होते किंवा पायाची जखम चिघळते, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून त्रास नसतानाही ठरावीक तपासण्या लागतात. गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी 'एचबीएवनसी' चाचणी वर्षातून किमान दोनदा करावी. साखर आटोक्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी. डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतल्या प्रथिनांची आणि पायांची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी.

गावपातळीवर काहीच नाही, असे नव्हे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात व्हावी, अशी राष्ट्रीय कार्यक्रमाची रचना आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पण आजार शोधणे वेगळे आणि रुग्णाला वर्षानुवर्षे तपासणीत ठेवणे वेगळे. गोळ्या गावात मिळाल्या, तरी डोळ्यांचा पडदा दाखवायला बहुधा मोठे रुग्णालयच गाठावे लागते. ऊसतोड मजुरांची अडचण आणखी मोठी. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून निघालेली कुटुंबे थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तितके महिने त्यांचा गावच्या केंद्राशी संबंधच राहत नाही.

अंतर लगेच कमी होणार नाही. खेपा मात्र कमी करता येतात. रक्ताचा नमुना गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच पाठवता येईल का, हे आधी विचारावे. शहरात यायचेच असेल, तर डोळे, लघवी आणि पाय यांची तपासणी एकाच फेरीत करून घ्यावी. डोळ्यांत औषध घातल्यावर काही तास धूसर दिसते. त्यामुळे सोबत कुणीतरी असावे, स्वतः दुचाकी चालवू नये. एचबीएवनसीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. उपाशीपोटीची साखर तपासायची असेल, तर सकाळची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे हे डॉक्टरांना आधीच विचारावे. औषध घेऊन उपाशी प्रवास केल्यास साखर घसरून चक्कर येऊ शकते. अशा वेळी खिशात साखर किंवा गूळ असलेला बरा. ऊसतोडीला जाताना पुरेशा गोळ्या आणि जुने कागद बरोबर न्यावेत.

पाय तपासायला मात्र गाव सोडावे लागत नाही. रोज रात्री उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. भेग, फोड किंवा न दुखणारी जखम दिसली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी केंद्रात दाखवावे.