लेकराचा दमा, खाज आणि आपली गोधडी

पावसाळ्यात लेकरू रात्री खोकतं, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. नाहीतर कोपराच्या आतली, गुडघ्यामागची कातडी खाजवून रक्त काढतं. मग आपण त्याचं दही बंद करतो, केळी बंद करतो. पण पुष्कळदा कारण ताटात नसतं, अंथरुणात असतं. आज आम्ही त्याविषयी सांगणार आहोत.

घरातल्या धुळीत एक बारीक जीव राहतो. डॉक्टर त्याला डस्ट माइट म्हणतात. तो गोचिडीच्या नात्यातला, आठ पायांचा, पण इतका लहान की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून झडणारा कोंडा खातो, म्हणून गादी, उशी, गोधडी हे त्याचं घर. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेचा. ज्याला त्याचं वावडं आहे, त्याच्या श्वासात ती गेली की श्वासनळ्या सुजतात. इसबाच्या कोरड्या कातडीला लागली की खाज वाढते.

हा जीव पाणी पीत नाही, हवेतला ओलावा ओढून घेतो. म्हणून मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो कमी होतो, पावसाळ्यात वाढतो. घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या गोधड्या-वाकळा धुवायची आपली रीत पाहा, ती नेमकी पावसाळा सरताना येते. रीत चांगलीच आहे. पण घरात दमा किंवा इसब असेल, तर वर्षातून एकदा धुणं पुरत नाही.

चादर, उशीची खोळ दर आठवड्याला कडक गरम पाण्यात भिजवून धुवा. गरम पाण्यानं किडा मरतो. साध्या पाण्यानं मरत नाही, पण घाण निघून जाते. जाड गोधडी जमेल तेव्हा धुवा, आणि ऊन पडलं की दोन्ही बाजूंनी कडक वाळवा. दमट गोधडीची घडी घालू नका. गोधडी झटकायची ती अंगणात, नाकाला पदर बांधून, लेकराला लांब ठेवून. घरात आधी ओलं फडकं फिरवा. ओली गोधडी एकट्या बाईनं उचलायची नसते, घरच्या पुरुषांनाही हात लावायला सांगा.

एवढ्यानं दमा जात नाही, औषध लागतंच. ‘पंपाची सवय लागते’ हे खरं नाही. पंपाचं औषध थेट छातीत जातं, म्हणून थोडं पुरतं. बरं वाटलं म्हणून ते मनानं बंद करू नका. इसबाला डॉक्टरांना न विचारता दुकानातलं मलम लावू नका. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधी व्हॅसलीन लावा. वावडं कशाचं आहे हे कातडीवरच्या तपासणीनं कळतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा घाटीत विचारा.

लेकराला दम लागून बोलता येत नसेल, फासळ्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील, तर पंप द्या आणि लगेच १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हे एकमेकींना सांगा.