सत्तेचाळिसाव्या वर्षीचा नवशिका

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत कौतुक आहे, तसा थोडासा उपहासही आहे. एखाद्या कामामागे ‘हौशी’ हे विशेषण लागले की ते काम फावल्या वेळचे, कच्चे आणि फारसे मनावर न घेण्याजोगे असावे, असे आपण गृहीत धरतो. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकेतील एका हौशी मोटारशर्यतपटूचा सुमारे पस्तीस वर्षांचा प्रवास नजरेखालून घालावा.

या गृहस्थांचे नाव पॉल न्यूमन. जगाला त्यांची ओळख आहे ती चित्रपटनट म्हणून. दिनांक २६ जानेवारी १९२५ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे क्रीडासाहित्याचे दुकान होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिक होण्याच्या इच्छेने ते नौदलात गेले. परंतु रंगांधळेपणामुळे ती वाट बंद झाली आणि विमानातील बिनतारी यंत्र व बंदूक सांभाळण्याचे काम त्यांच्या वाट्यास आले. पुढे रंगभूमी, आणि तेथून चित्रपट. चाळिशी गाठेपर्यंत कीर्ती, संपत्ती आणि संसारसुख यांपैकी कशाचीच उणीव त्यांना राहिली नव्हती.

अशा माणसास नव्याने काही शिकण्याची गरज काय होती? गरज नव्हतीच. निमित्त मात्र घडले. १९६९ साली प्रदर्शित झालेल्या ‘विनिंग’ या चित्रपटात त्यांना मोटारशर्यतपटूची भूमिका करावयाची होती. नायिका होत्या त्यांच्या पत्नी, प्रसिद्ध अभिनेत्री जोआन वुडवर्ड. भूमिकेच्या तयारीसाठी न्यूमन यांनी शर्यतीची मोटार चालविण्याचे रीतसर शिक्षण घेतले. चित्रण संपले, भूमिका उतरली. परंतु त्या चाकाची ओढ काही उतरली नाही. आपण स्कीइंग केले, टेनिस खेळलो, पण कोठेच शरीराला लय सापडली नाही. ती सापडली या मोटारीत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी पुढे काढले आहेत.

१९७२ साली कनेक्टिकट राज्यातील थॉम्प्सन येथील मार्गावर ते हौशी स्पर्धेत उतरले. त्या वेळी त्यांचे वय होते सत्तेचाळीस. आपल्याकडे या वयाचा गृहस्थ मुलीच्या लग्नाची आणि स्वतःच्या निवृत्तिवेतनाची बेरीज मांडीत असतो! शर्यतीच्या मैदानावर तर तिशी उलटलेला चालकही अनुभवी गणला जातो. न्यूमन यांनी ‘पी. एल. न्यूमन’ असे साधे नाव नोंदविण्यास आरंभ केला. पडद्यावरील वलय मैदानाच्या फाटकाबाहेर ठेवूनच आत जावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता.

या हौशी स्पर्धांचे स्वरूप येथे थोडे समजून घेतले पाहिजे. १९४४ साली स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ हा क्लब त्या भरवितो. गाड्यांच्या शक्तीप्रमाणे त्यांचे वर्ग पाडलेले असतात. त्यामुळे बेताच्या गाडीच्या मालकालाही आपल्या बरोबरीच्यांशी झुंजता येते. नवागताने आधी क्लबच्या शाळेत शिक्षण घ्यावयाचे, परवाना मिळवावयाचा, आपापल्या विभागात गुण जमवावयाचे; आणि मग वर्षाअखेरीस निवडक स्पर्धकांत राष्ट्रीय विजेतेपदाची शर्यत. येथे मिळते ते मानचिन्ह. पदरचा पैसा मात्र भरपूर खर्च होतो.

आणि ही विद्या दुरून दिसते तशी केवळ धाडसाची नव्हे. वळणापूर्वी वेग कोठे कमी करावयाचा, वळणाच्या आतील कडेला गाडी नेमकी केव्हा भिडवावयाची आणि तेथून बाहेर पडताना वेग केव्हा वाढवावयाचा, हे निर्णय प्रत्येक वळणावर, प्रत्येक फेरीत घ्यावे लागतात. चाक हिसडले किंवा ब्रेक अवेळी दाबला, की टायरांची रस्त्यावरील पकड सुटते. म्हणून वेगवान चालकाचे हात बहुधा शांत असतात. ही शांतता न्यूमन यांना उपजत लाभली नव्हती. त्यांनी ती फेऱ्यांमागून फेऱ्या मारून सावकाश कमावली.

त्या कष्टांना चार वर्षांनी फळ आले. १९७६ साली ‘ट्रायम्फ टीआर-६’ या गाडीतून त्यांनी आपल्या वर्गाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. १९७९ साली डॅटसन गाडीतून दुसरे, आणि १९८५ व १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षे निस्सानमधून तिसरे व चौथे. शेवटच्या विजेतेपदाच्या वेळी त्यांनी एकसष्टी गाठली होती.

याच काळात त्यांच्या घरावर एक आघातही झाला. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा स्कॉट मादक पदार्थ व मद्य यांच्या अतिसेवनाने मृत्यू पावला. तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्यानंतर सातच महिन्यांनी, जून १९७९ मध्ये, न्यूमन फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांच्या जगविख्यात शर्यतीत उतरले. तेरा किलोमीटरांहून लांब असा तो मार्ग, त्यात पाऊस, आणि रात्रीचा अंधार. रोल्फ श्टोमेलेन आणि डिक बार्बर या जोडीदारांसह आळीपाळीने ‘पोर्शे ९३५’ चालवीत त्यांनी एकूण स्पर्धकांत दुसरा क्रमांक पटकावला. एका थांब्यावर चाकाची चक्की अडकून बसली आणि मौल्यवान वेळ वाया गेला, नाहीतर निकाल आणखी चुरशीचा झाला असता. परंतु छायाचित्रकारांच्या गराड्याने ते इतके त्रासले, की स्पर्धक म्हणून त्या मार्गावर ते पुन्हा उतरले नाहीत. ज्या वलयापासून दूर जाण्यासाठी ते चाकामागे बसत, तेच तेथे त्यांच्या मागे लागले होते.

त्यांच्या या छंदाला पुढे अनेक फांद्या फुटल्या. ‘ट्रान्स-ॲम’ या व्यावसायिक मालिकेत १९८२ साली मिनेसोटातील ब्रेनर्ड येथे आणि १९८६ साली कनेक्टिकटमधील लाइम रॉक येथे त्यांनी विजय मिळविला. कार्ल हास यांच्या भागीदारीत त्यांनी स्थापिलेला संघ १९८३ साली मैदानात आला आणि दुसऱ्याच वर्षी मारियो आंद्रेत्ती यांनी त्या संघासाठी मालिकेचे अजिंक्यपद आणले. संघाचा मालक झाल्यावर माणूस सावलीतल्या खुर्चीत बसतो. न्यूमन मात्र हौशी शर्यतींत स्वतः चालवीतच राहिले. ज्या १९८६ साली त्यांनी चौथे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, त्याच वर्षीच्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटातील भूमिकेने त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळवून दिले.

फेब्रुवारी १९९५ मध्ये फ्लोरिडातील डेटोना येथे चोवीस तासांची शर्यत झाली. हिवाळ्यातील ती शर्यत म्हणजे दिवसापेक्षा रात्र मोठी. सत्तरावा वाढदिवस नुकताच साजरा केलेले न्यूमन तीन सहकाऱ्यांसह फोर्ड मस्टँग घेऊन उतरले आणि त्यांची गाडी आपल्या वर्गात पहिली, एकूण स्पर्धेत तिसरी आली. गाडीवर आकडा होता सत्तर. उतारवयात आपले वयच गाडीचा क्रमांक म्हणून मिरविण्याची गंमत ते करीत. २००५ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते डेटोनाच्या मैदानात पुन्हा दिसले.

या साऱ्यातून पैसा जोडण्याचा विचार त्यांना शिवला नाही. १९८२ साली मित्रासमवेत सुरू केलेल्या ‘न्यूमन्स ओन’ या खाद्यपदार्थांच्या व्यवसायाचा नफा ते धर्मादाय कार्यास देत. आणि १९८८ साली गंभीर आजार जडलेल्या मुलांसाठी त्यांनी कनेक्टिकटमध्ये एक शिबिर उघडले. रुग्णशय्येवरील मुलांना काही दिवस मनसोक्त खेळावयास मिळावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे त्याच धर्तीवर इतर देशांतही शिबिरे निघाली.

ऑगस्ट २००८ मध्ये, कर्करोगाने शरीर पोखरले असता, न्यूमन लाइम रॉकच्या मार्गावर आले आणि काही अखेरच्या फेऱ्या मारून घरी परतले. पुढच्याच महिन्यात, २६ सप्टेंबर रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नटाचे यश प्रेक्षकांच्या पसंतीवर अवलंबून असते आणि ती पसंती कधी भाबडी, कधी लहरी असते. शर्यतीच्या घड्याळाला मात्र चेहरा ओळखता येत नाही. ते फक्त सेकंद मोजते. लोकप्रियतेच्या शिखरावरील माणसाला या निःपक्षपाती परीक्षकाची ओढ लागावी, यात नवल नाही. त्यासाठी सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे लागले आणि ते त्यांनी आनंदाने केले. आपल्या घरातही एखादी सतार, एखादी अर्धवट राहिलेली भाषा, एखादा कुंचला ‘आता या वयात काय!’ म्हणून माळ्यावर पडलेला असेल. तो खाली काढून धूळ झटकावयास पन्नाशीचा अडसर मानण्याचे काही कारण नाही.