‘जर्मन’च्या पातेल्यात जर्मनी किती?

‘आमची आजी ॲल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मनचं पातेलं म्हणते. त्याचा जर्मनीशी काही संबंध आहे का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. संबंध आहे, पण नावापुरता. त्याचा माग काढत गेलं की आपण सॅक्सनीतल्या खाणींत पोचतो.

तिथल्या खाणकामगारांना तांब्यासारखं लालसर खनिज सापडे. भट्टीत घातलं की तांब्याचा पत्ता नाही, वर आर्सेनिकचा विषारी धूर! हा नक्की ‘निकेल’चा खोडसाळपणा, असं ते म्हणत. निकेल हे निकोलाउसचं घरगुती रूप, आणि खोडकर भुताचंही नाव; आपल्या चकव्याचा भाऊबंदच म्हणा ना. त्या खनिजाला त्यांनी ‘कुप्फरनिकेल’ म्हटलं. १७५१ मध्ये स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेटने नवा धातू वेगळा केला आणि पुढे त्याला भुताचंच नाव दिलं. हा धातू नसून मिश्रण आहे, असं म्हणणारे रसायनशास्त्रज्ञ त्यानंतरही बरीच वर्षं होते. इंग्रजीने शब्द उचलला आणि अमेरिकेत तो पाच सेंटच्या नाण्याला चिकटला. १८६६ पासूनच्या या नाण्यात निकेल जेमतेम २५ टक्के, बाकी तांबं!

पाठ्यपुस्तकं क्रोनस्टेटपाशी थांबतात. माझा आवडता माणूस मात्र श्नेबेर्गचा डॉक्टर एर्न्स्ट आउगुस्ट गाइटनर. कोबाल्टपासून निळा रंग बनवणाऱ्या कारखान्यांत निकेलयुक्त गाळ उरायचा. १८२३ मध्ये गाइटनरने त्यातल्या निकेलमध्ये तांबं आणि जस्त मिसळून चांदीसारखा चकाकणारा मिश्रधातू बनवला. अशी ‘पांढरी’ भांडी चीनमध्ये आधीपासून होती. जर्मनीने ती स्वस्त केली. जगात तो जर्मन सिल्वर म्हणून खपला. साधारण ६० टक्के तांबं, उरलेल्यात निकेल आणि जस्त, चांदी शून्य.

पांढऱ्या, स्वस्त भांड्यांचं हे नाव आपल्याकडे पुढे ॲल्युमिनियमला लागलं असावं, असा माझा तर्क आहे. आजीच्या पातेल्यात निकेल नाही की चांदीही नाही.

बाजारात ‘जर्मन सिल्वर’चे झुमके आजही जोरात खपतात. निकेलची ॲलर्जी अनेकांना असते. अंगाला लागणाऱ्या दागिन्यांतून झिरपणाऱ्या निकेलवर युरोपने १९९४ मध्ये निर्बंध आणले ते त्यामुळेच. तेव्हा झुमक्यांनी कान खाजले, तर चांदीला बोल लावू नका. ती त्यात नाहीच.