खटका पोलादी केला, तरी सावधगिरी तुमचीच

भात पोटरीला आले की रानडुकरांच्या रात्री सुरू होतात. एका रात्रीत कळप शेत लोळवून जातो. म्हणून कोकणात वाडीवाडीत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एखादी बंदूक सापडते. वर्षातले बरेच महिने ती कपाटात पडून असते. हंगाम आला की फडक्याने पुसायची, नळीतून बघायचे आणि खांद्याला अडकवून निघायचे. पण बंदुकीतला एक लहानसा भाग आहे, त्याच्याकडे कितीजण बघतात? तो म्हणजे सेफ्टीचा खटका.

जुन्या बारा बोअरच्या दुनळीत हा खटका पोलादी असतो, दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली. हल्लीच्या काही बंदुकांत तो प्लास्टिकचा येतो. अमेरिकेतली मॉसबर्ग ५०० ही पंपाची बंदूक घ्या. १९६० च्या दशकापासून ती तिकडच्या शेतकऱ्यांच्या हातात आहे. तिचा खटका वरच्या बाजूला, आणि साध्या नमुन्यात प्लास्टिकचा. लष्करी धाटणीच्या ५९०ए१ या नमुन्यात मात्र तो धातूचा दिलेला आहे. प्लास्टिक झिजते, स्क्रू जास्त आवळला तर चिरते. म्हणून तिकडचे लोक धातूचा खटका विकत आणून घरीच बसवतात.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग आपणही बाजारातल्या लेथवाल्याकडून एक घडवून घेऊ! थांबा. इथेच दोन चुका होतात.

पहिली चूक कायद्याची. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तुमचा परवाना बंदूक बाळगण्याचा, दुरुस्तीचा नव्हे. लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे काम दिले की तोही अडकला आणि तुम्हीही. दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच जा. बंदूक स्वतः न्या, परवाना सोबत ठेवा. परवान्यावर कोणते क्षेत्र लिहिले आहे ते आधी वाचा. दुकान त्या क्षेत्राबाहेर असेल, तर निघण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारून रीतसर लेखी परवानगी घ्या.

दुसरी चूक समजुतीची. आपल्याला दिसतो तो नुसता वरचा खटका. त्याच्याखाली स्प्रिंग असते, आणि चापाला अडवणारा तुकडा असतो. खरे काम तो तुकडा करतो. तोच झिजलेला असेल, तर वर पोलादी खटका बसवून काय उपयोग? दाराची कडी नवी आणि चौकट कुजकी, अशातली गत! शिवाय मापात न बसलेला खटका अर्ध्यावरच अडकतो. तो सर्वांत वाईट. तुम्हाला वाटते सेफ्टी लागली, आणि ती लागलेलीच नसते. त्यात आपली कोकणची हवा. प्लास्टिक गंजत नाही, पोलाद गंजते. पावसाळ्यात तेलपाणी चुकले की नवा खटकाही जाम होतो. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली, की आधी हीच जागा बघा.

दुरुस्तीनंतर कारागिरासमोरच, बंदूक रिकामी आहे याची दोघांनी खात्री करून, एवढे पाहून घ्या. खटका दोन्ही बाजूंना ‘टक्’ असा स्पष्ट बसतो का? बोटाच्या हलक्या धक्क्याने सरकत तर नाही ना? सेफ्टी लावून चाप दाबला, सोडला, आणि मग सेफ्टी काढली, तर घोडा आपोआप पडत तर नाही ना? यातले एक जरी चुकले, तरी बंदूक घरी आणू नका.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक दुनळींमध्ये सेफ्टी फक्त चाप अडवते. आतले घोडे चढलेलेच असतात. भरलेली बंदूक बांधावरून निसटून दस्त्यावर आपटली, तर सेफ्टी लावलेली असूनही बार होऊ शकतो. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकीत आणि ठासणीच्या बंदुकीत तर बहुधा वेगळी सेफ्टीच नसते. म्हणून बांध चढताना, ओहोळ ओलांडताना, माळ्यावर चढताना दुनळी मोडून काडतुसे काढून खिशात ठेवा. तोंड माणसाकडे, घराकडे कधी नको. सावज नीट ओळखल्याशिवाय बोट चापावर नको. झुडपात हलले ते डुक्कर की रात्री पाणी लावायला आलेला शेजारी, हे खटक्याला कळत नाही. आणि वनखात्याची परवानगी नसेल तर गोळी झाडायचीच नाही, हेही ध्यानात असू द्या.

पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी हंगामापूर्वी गावातल्या परवानाधारकांना एकदा चावडीवर बोलवावे आणि हे सांगावे. तासाभराचे काम आहे. एका रात्रीत गेलेले भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. गेलेला माणूस परत येत नाही.