‘साइन’च्या खिशातली जीवा

नववीच्या गणित भाग 2 मध्ये सहाव्या प्रकरणात वर्तुळाची ‘जीवा’ भेटते आणि आठव्यात, त्रिकोणमितीत, ‘साइन’. पालघर-बोईसरच्या मराठी शाळांतल्या मुलांना पहिला शब्द घरचा आणि दुसरा परका वाटला तर नवल नाही. पण मुळात दोन्ही शब्द एकच.

जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वारली चित्रातला तिरंदाज ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळी आकृती नको: वाकलेला बांबू हा कंस, ताणलेली दोरी ही जीवा. ग्रहगणितात मात्र पूर्ण दोरीपेक्षा अर्धी अधिक कामाची, कारण तिच्यातून काटकोन त्रिकोण मिळतो. आर्यभटाने 499 च्या सुमारास ही ‘अर्धज्या’ वापरली आणि तिच्या 24 फरकांचे कोष्टक दिले. पुढे ‘अर्ध’ गळले, ‘ज्या’ उरली. तीन राशींची, म्हणजे 90 अंशांची ज्या ती ‘त्रिज्या’. हा शब्द तर मुले रोज वापरतात!

अरबी पंडितांनी जीवाचे ‘जीब’ केले. अरबीत स्वरचिन्हे बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे तीच अक्षरे ‘जैब’ अशीही वाचता येतात. जैब म्हणजे कपड्याची घडी. हिंदीतली ‘जेब’ तीच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी शब्दशः अर्थ दिला, ‘सायनस’: घडी, पोकळी, आखात. त्रिकोणाशी याचा काडीचा संबंध नाही. सर्दीत चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या ठणकतात, त्यांचे नाव सायनस आहे तेही याच शब्दावरून.

अमूर्त बीजगणितातही अशी गंमत आहे. जर्मन गणिती डेडेकिंड यांनी ज्या रचनेला ‘शरीर’ म्हटले, तिचे इंग्रजीत ‘फील्ड’ झाले आणि त्यावरून मराठीत ‘क्षेत्र’. तिथे निदान कोणी चुकले नव्हते.

त्रिकोणमिती सुरू करताना सहाव्या प्रकरणातली जीवा पुन्हा फळ्यावर काढली, तर सूत्राची निम्मी भीती जाईल. अर्ध्या जीवेला त्रिज्येने भागले की केंद्रापाशी होणाऱ्या कोनाच्या निम्म्याचा साइन मिळतो, एवढेच ते आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून 1969 पासून वीज मिळू लागली. तिथले जनित्र फिरते तसा विजेचा दाब त्या कोनाच्या साइनप्रमाणे चढतो-उतरतो. बोईसरच्या घरातल्या दिव्यातही सेकंदाला 50 वेळा हेच चक्र चालू असते.